'क्लास टू डिव्ह वन, ओव्हरजेट ८ मिमी, एक्स्ट्रॅक्शन १४, २४' : चिठ्ठी कशी वाचायची

ताई, तुमच्या तेरा वर्षांच्या लेकीच्या दातांना तारा लावायच्या म्हणून डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी तुम्ही इथे जशीच्या तशी टाकलीत ते बरं केलंत. आपल्याकडे काढघाल करायची प्लेट असो की चिकटवलेल्या तारा, सगळ्याला 'क्लिप'च म्हणतात, आणि मग गोंधळ होतो. मी पस्तिशीत तारा लावल्या, पुढे मुलालाही लागल्या. डॉक्टर नाही, पण दोनदा या वाटेने गेलोय.

आधी १४ आणि २४, कारण तुम्ही त्यालाच घाबरला आहात. चौदा आणि चोवीस दात काढणार नाहीयेत! ते 'एक-चार' आणि 'दोन-चार' असं वाचायचं. पहिला आकडा तोंडाचा भाग सांगतो: १ म्हणजे तिची वरची उजवी बाजू, २ वरची डावी. दुसरा आकडा मधल्या रेषेपासून कितवा दात ते सांगतो. चौथा म्हणजे सुळ्यामागची पहिली उपदाढ. थोडक्यात, वरच्या दोनच उपदाढा काढायच्या आणि त्या जागेत पुढचे दात मागे घ्यायचे.

क्लास टू ही अँगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १८९९ साली केलेली वर्गवारी. खालची पहिली मोठी दाढ वरच्या दाढेच्या मानाने मागे आहे, एवढाच अर्थ. डिव्ह वन (डिव्हिजन वन, पहिला पोटप्रकार) म्हणजे त्यातही वरचे पटाशीचे दात पुढे आलेले. ते किती पुढे, हे आडवं अंतर म्हणजे ओव्हरजेट. साधारण २-३ मिमी असतं, तिचं ८ आहे. वरचे दात खालच्यांना उभे किती झाकतात तो ओव्हरबाइट. या दोन शब्दांची अदलाबदल पुष्कळ जण करतात.

चिठ्ठीतलं 'एमबीटी ०२२' म्हणजे ब्रॅकेटचा, दातावर चिकटवायच्या खाचेच्या तुकड्याचा, प्रकार. एमबीटी ही तीन डॉक्टरांच्या आडनावांची आद्याक्षरं आणि ०२२ म्हणजे तार बसते त्या खाचेची उंची, ०.०२२ इंच. प्रत्येक दाताच्या ब्रॅकेटमध्ये त्या दाताचा कल आधीच घडवलेला असतो. म्हणून एखादा निघाला तर फेकू नका, डबीत घालून घेऊन जा.

पण ब्रॅकेट ही नुसती मूठ. काम करते ती तार. सुरुवातीला बारीक, गोल नायटाय (निकेल आणि टायटॅनियमचा मिश्रधातू) घालतात. वाकड्या दातांत अडकवली की ती आपल्या मूळ कमानीवर यायला बघते आणि दातांना सोबत ओढते. पुढे चौकोनी स्टीलची तार येते. उपदाढांची मोकळी जागा त्या तारेवरच भरतात, बहुतेक वेळा साखळीसारख्या रबराने, म्हणजे पॉवर चेनने. महिन्याला साधारण १ मिमी. दर महिन्याला आरशात बघून निराश होऊ नका.

ब्रॅकेटभोवतीचे छोटे रंगीत रिंग डॉक्टरच बदलतात. पारदर्शक अजिबात घेऊ नका, दोन दिवसांच्या आमटीत हळद चढते. आमच्याकडे पहिला महिना पिवळा गेला.

तुमचे 'सोमवारी सेपरेटर' म्हणजे दाढांच्या फटीत काही दिवस ठेवायचे रबरी कडे. दाढेला घालायच्या धातूच्या पट्टीसाठी, म्हणजे बँडसाठी, त्याने जागा होते. पेरूची बी अडकल्यासारखं वाटेल. टोकरायचं नाही. पडला तर फोन करायचा.

पुढे इलॅस्टिक्स मिळाली तर खरी परीक्षा तुमच्या लेकीची. ही रबरं तिने स्वतः अडकवायची, क्लास टूमध्ये सहसा वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत. डॉक्टर सांगतील तितके तास, बहुतेकदा जेवण आणि ब्रश सोडून दिवसरात्र. आमच्या चिरंजीवांचं पाकीट आठवडाभर कंपासपेटीत होतं, आणि मग भरपाई म्हणून एकदम दोन-दोन लावली. तसं करू देऊ नका, जोर दुप्पट होतो आणि दाढ दुखते.

आणि सोमवारी एक विचारून घ्या: सांगितलेल्या खर्चात शेवटचा रिटेनर, म्हणजे तारा काढल्यावर दात जागेवर धरून ठेवणारं साधन, धरलाय का? आमच्या पॅकेजात तो नव्हता, आणि ते तारा काढायच्या दिवशी कळलं.