विद्यापीठाची ऑनलाइन अभ्यासक्रम पुस्तिका सुधारायची असेल तर आधी काय मागावं?

तुमचा प्रश्न असा आहे: विद्यापीठाची ऑनलाइन अभ्यासक्रम पुस्तिका नव्याने करायचं ठरलंय, समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून तुम्ही आहात, आणि पहिली बैठक मुखपृष्ठाचे फोटो, रंग आणि 'ॲप काढायचं का' यातच संपली. मग सुधारणा नेमक्या कोणत्या मागायच्या?

मी बरीच वर्षं हेच काम करते आहे. विभागांकडून आलेली कोर्सची माहिती तपासून पुस्तिकेत चढवायची आणि नंतर विद्यार्थ्यांच्या शंकांना उत्तरं द्यायची. त्यावरून सांगते, एकच गोष्ट पदरात पाडून घ्यायची असेल तर वर्ष मागा. प्रत्येक पानावर ते कोणत्या शैक्षणिक वर्षाला लागू आहे हे ठळक लिहिलेलं हवं, आणि मागच्या प्रत्येक वर्षाची पुस्तिका जशीच्या तशी, कायम उघडणारी हवी.

कारण साधं आहे. बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थ्याला त्याच्या प्रवेशाच्या वर्षाचे नियम लागू राहतात. अमेरिकेत याला 'कॅटलॉग इयर' म्हणतात. आता तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी पुस्तिका उघडते, तिला यंदाचे नियम दिसतात, त्यात एक नवा सक्तीचा कोर्स असतो. तो तिला लागू आहे की नाही, हे पानावर कुठेच नाही. ती घाबरून नाव नोंदवते, आणि जो कोर्स तिला खरोखर लागणार होता त्याची जागा तोवर भरलेली असते. याहून वाईट प्रकार पदवी घेतल्यानंतर घडतो. दुसऱ्या देशात प्रवेश किंवा नोकरी मिळवताना अनेकदा जुन्या कोर्सचा तपशीलवार अभ्यासक्रम मागतात. तोपर्यंत कोर्स बंद झालेला असतो आणि पान काढून टाकलेलं असतं. तिने प्रामाणिकपणे केलेल्या अभ्यासाचा पुरावाच विद्यापीठाने पुसून टाकला, असं मी याला म्हणते. ही गोष्ट मला फार लागते.

म्हणून पुढच्या बैठकीत विचारा, 'जुन्या लिंकचं काय होणार?' वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी 1998 सालीच लिहून ठेवलंय की चांगले वेब पत्ते बदलत नसतात. तरीही संकेतस्थळ नव्याने केलं की जुने पत्ते हमखास मोडतात. प्रत्येक जुना पत्ता योग्य नव्या पानावर नेला जाईल ही अट काम देतानाच करारात घाला, नंतर ती कोणी मनावर घेत नाही. शिवाय वर्षाच्या मध्येच मूल्यमापनाची पद्धत किंवा क्रेडिट बदलले, तर आधी काय होतं, आता काय आहे आणि कधीपासून, हे तारखेसह त्याच पानावर दिसू दे. गुपचूप केलेला बदल हा विद्यार्थ्यावर अन्याय आहे.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे पूर्वअटी, म्हणजे एखादा कोर्स घेण्याआधी कोणते कोर्स झालेले हवेत ते. हे वाक्य बघा: 'सांख्यिकी 1 आणि प्रोग्रॅमिंग किंवा गणित 2.' याचा अर्थ काय? सांख्यिकी 1 झालंच पाहिजे आणि सोबत उरलेल्या दोनांपैकी एक? की ज्याचं गणित 2 झालंय त्याला सांख्यिकीची गरजच नाही? लिहिणाऱ्या प्राध्यापकांच्या मनात एक अर्थ असतो, नोंदणीच्या प्रणालीत दुसरा भरला जातो आणि विद्यार्थी तिसराच लावतो. उपाय असा की पूर्वअट मोकळ्या वाक्यात लिहूच द्यायची नाही. 'हे सगळं हवं' आणि 'यांपैकी एक हवं' असे वेगळे गट करायचे आणि प्रत्येक कोर्स त्याच्या पानाशी जोडायचा. एकदा माहिती अशी भरली की बरंच काही आपोआप मिळतं. हा कोर्स केल्यावर पुढे कोणते कोर्स खुले होतात, हे उलट्या दिशेनेही दाखवता येतं, आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना तेच सर्वांत जास्त हवं असतं. पूर्वअट म्हणून लिहिलेला कोर्स बंद झालेला असेल, किंवा दोन कोर्स एकमेकांचीच पूर्वअट असतील, तर तेही प्रकाशित करण्याआधीच पकडता येतं. अशा चुका असतात. फक्त हाताने शोधायच्या म्हटलं तर त्या सापडत नाहीत.

याच्याशीच जोडलेलं: एक माहिती एकाच जागी. कोर्सचे क्रेडिट पुस्तिकेत, वेळापत्रकात, विभागाच्या पानावर आणि कोणीतरी बनवलेल्या पीडीएफमध्ये वेगवेगळे भरले जात असतील, तर कधी ना कधी ते जुळणार नाहीतच. भरायचं एकदा, दाखवायचं हवं तिथे. आणि क्रेडिटच्या आकड्याबरोबर तास लिहायला लावा. युरोपच्या ईसीटीएस या क्रेडिट मोजण्याच्या पद्धतीत पूर्ण वर्षाचे 60 क्रेडिट धरतात आणि साधारणपणे एका क्रेडिटला 25 ते 30 तासांचं काम. म्हणजे 6 क्रेडिटचा कोर्स 150 ते 180 तासांचा. त्यातले वर्गातले किती, घरच्या अभ्यासाचे किती, हे कळलं तर नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला सेमिस्टर आखता येतं.

सर्चचं थोडक्यात सांगते. कोर्सचा कोड मध्ये जागा सोडून टाकला काय आणि न सोडता टाकला काय, निकाल तोच आला पाहिजे. लोक अर्धवट नाव, जुनं नाव, विद्यार्थ्यांत रुळलेलं नाव टाकतात. ज्या शोधांना शून्य निकाल आले त्यांची यादी दर महिन्याला कोणीतरी वाचावी, पुस्तिकेत काय कमी आहे ते तिथे आयतं समजतं.

सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांग विद्यार्थ्यांनाही पुस्तिका वापरता यावी यासाठीचे, निकष मात्र शेवटी बघू म्हणून सोडू नका. डब्ल्यूसीएजी या संकेतस्थळांच्या सुगम्यतेसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना, त्यांची 2.2 ही आवृत्ती ऑक्टोबर 2023 मध्ये आली. तिच्या एए या मधल्या स्तरानुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान 4.5:1 लागतो, आणि एखादी गोष्ट केवळ रंगाने सांगितलेली चालत नाही, म्हणजे सक्तीचे कोर्स नुसते लाल करून भागणार नाही. कागद स्कॅन करून चढवलेली पीडीएफ स्क्रीन रीडरसाठी, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, नुसतं चित्र असतं, दृष्टिहीन विद्यार्थ्याला त्यातलं अक्षरही ऐकू येत नाही.

ॲपला माझा विरोध आहे. पुस्तिका वर्षातून मोजक्या वेळा उघडली जाते. मोबाइलवर नीट दिसणारं पान आणि तारखेसह छापता येणारी आवृत्ती पुरे.

आणि नवी पुस्तिका तयार झाली की 'कशी वाटली?' असं विचारत फिरू नका, सगळे छानच म्हणतील. काम द्या: 'तू दुसऱ्या वर्षात आहेस, पुढच्या सेमिस्टरला हा कोर्स घेऊ शकतेस का, शोध.' शेजारी बसा आणि तोंड बंद ठेवा. संकेतस्थळं वापरायला किती सोपी आहेत याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी 2000 साली मांडलं होतं की पाच जणांवर अशी चाचणी घेतली तरी वापरातल्या बहुतेक अडचणी बाहेर येतात. पाच विद्यार्थी तर तुम्ही एका दुपारी जमवाल. त्यात एक नुकताच प्रवेश घेतलेला आणि एक बाहेरून बदली होऊन आलेला नक्की असू दे.

प्रत्येक पानावर 'चूक कळवा' असं बटण मागा, पण ते मान्य होताच थांबू नका. त्यावरून आलेला निरोप कोणत्या पदावरची व्यक्ती वाचणार, किती दिवसांत उत्तर देणार आणि ती रजेवर असेल तेव्हा कोण बघणार, हे बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्या.