टेम्पो हलका की कडक?

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे, 800 मीटर पळते. सकाळी शाळेचे सर प्रॅक्टिस घेतात, संध्याकाळी अकॅडमीला जाते. मंगळवारी दोन्हीकडे ‘टेम्पो’ नावाचा पळण्याचा सराव असतो. ती दोन्हीकडे जीव तोडून पळते आणि घरी आली की न जेवता झोपते. अकॅडमीच्या कोचना विचारलं तर म्हणाले टेम्पो हलकाच असतो, सरांना विचारलं तर म्हणाले टेम्पो म्हणजे कडक काम. नक्की कोणाचं खरं? – एक आई, सातारा

उत्तर : ताई, दोघांचंही खरं आहे आणि तिथेच सगळी गोची आहे. स्प्रिंटवाल्यांच्या भाषेत टेम्पो म्हणजे 100-200 मीटरचे सैल धावे, फुल स्पीडच्या साधारण 70-75 टक्क्यांनी, मध्ये थोडी विश्रांती, आदल्या दिवशी जोरात पळून झालेलं असतं म्हणून पाय मोकळे करायला. लांब पल्ल्याच्या लोकांचा टेम्पो वेगळाच, तिथे सलग 20 मिनिटं वगैरे अशा वेगाने पळायचं की सोबतच्याशी दोन-तीन शब्द बोलता येतील पण गप्पा मारता येणार नाहीत. अकॅडमीचे कोच बहुतेक स्प्रिंटमधून आलेले असणार आणि सर लांब पल्ल्याचे, आणि 800 मीटर बरोबर दोघांच्या मधे लटकलेली शर्यत, त्यामुळे तुमच्या पोरीला दोन्ही टेम्पो मिळतायत. तिला बिचारीला शब्द एकच ऐकू येतो, म्हणून ती दोन्हीकडे सारखीच पळते.

हसू नका, मी स्वतः हे केलंय. कितीतरी वर्षं फळ्यावर ‘दमाचं काम, 30 मिनिटं’ लिहायचो, माझ्या डोक्यात अर्थ होता दमानं, सावकाश. एका पोराला सहज विचारलं काय करतोस रे यात, तर म्हणाला, ‘सर, दम लागेस्तोवर पळतो.’ निम्मा ग्रुप तेच करत होता! चूक पोरांची नव्हती, आपल्या भाषेत दमाने घेणं वेगळं, दम लागणं वेगळं आणि सरांनी दम देणं तर आणखीनच वेगळं. तेव्हापासून नुसतं नाव लिहिणं बंद केलं, किती अंतर, किती वेळ, मध्ये किती थांबायचं आणि पळताना बोलता आलं पाहिजे की नाही, एवढं लिहितो.

तुम्ही एक साधी वही करा. दोन्ही ठिकाणी ती एकच वही जाऊ दे. दोघांनी आपापलं काम त्यात असंच आकड्यात लिहायचं, आणि प्रॅक्टिस झाली की मुलीने 0 ते 10 मध्ये एक आकडा टाकायचा, किती जड गेलं, 0 म्हणजे काहीच नाही, 10 म्हणजे याच्या पुढे जमलंच नसतं. कोचने हलकं म्हणून दिलेल्या कामापुढे पोरीने 8 लिहिला असेल तर कुठेतरी शब्द चुकलाय एवढं लगेच कळतं. दोघा गुरुजींना एकत्र बसवायला जाऊ नका, मानापमान सुरू होतात, वहीच दाखवा.

आणि दुखण्याचे शब्दही घरात ठरवून टाका, हे मला टेम्पोपेक्षा महत्त्वाचं वाटतं. ‘पाय दुखतो’ याने काहीच कळत नाही. अंग अवघडलंय, पोटरीत गोळा आला, मांडीत चमक निघाली, नडगी ठणकते, केवढे शब्द आहेत आपल्याकडे आणि पोरं सगळ्याला ‘पेन होतंय’ म्हणतात. अवघडलेलं दोन दिवसांत सुटतं. चमक निघाली की त्याच क्षणी थांबायचं, उरलेले सेट गेले खड्ड्यात. नडगीच्या हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशी एकच जागा दुखत असेल आणि रात्री पडल्यावरही ठणकत असेल तर बाम न चोळता डॉक्टर गाठायचा, पळणं बंद.

प्रश्न : मुलगा 15 वर्षांचा. कबड्डीत किशोर गटात खेळतो आणि खो-खोत म्हणे कुमार गटात. फॉर्म भरताना चूक झाली का?

उत्तर : नाही हो, कबड्डीत किशोर 16 पर्यंत आणि कुमार 20 पर्यंत, खो-खोत किशोर 14 पर्यंत आणि कुमार 18 पर्यंत. शिवाय कबड्डीत वजनाचीही अट असते, ती फॉर्म भरायच्या आधी बघा. ॲथलेटिक्सवाले यातून शहाणे झाले, तिकडे सरळ अंडर-16, अंडर-18, अंडर-20 लिहितात. जी जागतिक स्पर्धा पूर्वी ‘ज्युनियर’ म्हणून व्हायची ती 2016 ला पोलंडमध्ये ‘अंडर-20’ नावाने झाली, तीच ती, जिथे नीरज चोप्राने 86.48 मीटर भाला फेकून गोल्ड घेतलं.

फक्त गटाच्या नावावरून मुलाची तयारी ठरवू नका एवढंच सांगेन. दाखल्यावरचं वय 15, पण मिसरूड फुटलेला, उंची झपाट्याने वाढून गेलेला 15 वेगळा आणि अजून वाढायचाय तो वेगळा, आणि मैदानावर येऊन पाच वर्षं झालीत की पाच महिने यावर काम किती द्यायचं ते ठरतं. कोच ‘वयाच्या मानाने कच्चा आहे’ म्हणाले तर विचारा, यातल्या कुठल्या वयाच्या मानाने?