अल्बम : पांढऱ्यावर केलेले काळे

प्रश्न असा आहे : ‘इंग्लंडमधील जॉन मेयॉलचा वाद्यवृंद आणि त्यातला गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांची १९६६ सालची “ब्लूज ब्रेकर्स” ही तबकडी मी सध्या रोज ऐकतो आहे आणि तिच्याविषयी मराठीत लिहावे असे मनात आहे. “अल्बम”ला ध्वनिमुद्रिका म्हणावे, गीतसंग्रह म्हणावे की संच? आणि कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या त्या संगीताचे नाव असलेला “ब्लूज” हा शब्द एकवचनी धरावा की अनेकवचनी?’

प्रश्नकर्त्यांनी बारा चिजांच्या तबकडीला अल्बम म्हटले, याबद्दल आधी त्यांचे आभार मानतो, कारण हल्ली तेवढेही दुर्मीळ झाले आहे. परवाच नात्यातला एक तरुण मोठ्या उत्साहाने ‘काका, माझा अल्बम आला’ असे सांगत आला आणि पाहतो तो साडेतीन मिनिटांचे एकच गाणे, त्यात एक समुद्रकिनारा आणि एक उसनी मोटारसायकल. बाकीची गाणी कोठे आहेत, असे विचारल्यावर त्याने मला समजावले की याला ‘अल्बम साँग’ म्हणतात. हा घोटाळा कसा झाला ते उघड आहे. १९९० नंतरच्या काळात चित्रपटाबाहेरची गाणी कॅसेटच्या अल्बममधून आली, त्यामुळे ‘चित्रपटातले’ आणि ‘अल्बममधले’ अशी जोडी लोकांच्या तोंडी बसली आणि पुढे कॅसेट गेली तरी चित्रपटात नसलेले एकटेदुकटे गाणेही अल्बमच ठरले. कारण कळले म्हणून चूक चूक राहत नाही असे नाही. एका फुलाला कोणी हार म्हणत नाही.

छायाचित्रांचा, टपाल तिकिटांचा आणि लग्नाचा अल्बम सर्वांना ठाऊक आहे, त्यावर शाई खर्च करीत नाही. खरी मौज लॅटिनमध्ये आहे. त्या भाषेत पांढऱ्याला दोन शब्द होते : झळाळणारा शुभ्र तो ‘कॅन्दिदुस’ आणि चुन्यासारखा निस्तेज पांढरा तो ‘आल्बुस’. पहिल्यापासून ‘कॅन्डिडेट’ निघाला, कारण रोममध्ये पदासाठी उभा राहिलेला माणूस खडूने उजळलेला झगा घालून मते मागत हिंडे (कडक इस्त्रीच्या खादीला इतकी जुनी परंपरा आहे, हे आपल्या पुढाऱ्यांना बहुधा ठाऊक नसावे). दुसऱ्याच्या नपुंसकलिंगी रूपावरून ‘आल्बुम’ हे नाम झाले आणि त्याचा अर्थ होता पांढरा लेप दिलेला फळा. प्रेतोर हा न्यायाधिकारी आपले जाहीरनामे अशा फळ्यावर लोकांसमोर मांडी, त्यात कोणी खाडाखोड केली तर त्याला दंड होई, आणि सेनेटच्या सभासदांच्या यादीलाही हेच नाव होते. म्हणजे अल्बमच्या मुळाशी संग्रहाची कल्पना नाही. लिहिण्यासाठी राखून ठेवलेला पांढरा पृष्ठभाग एवढेच तेथे आहे, आणि लिहिण्याला ज्या भाषेत ‘पांढऱ्यावर काळे करणे’ म्हणतात त्या भाषेतल्या माणसाला हे दोनदा सांगावे लागू नये.

पुढचा टप्पा जर्मनीतला. सोळाव्या शतकाच्या मध्यास विटेनबर्ग विद्यापीठातले विद्यार्थी कोऱ्या पानांची वही घेऊन गुरुजनांकडे आणि मित्रांकडे जात आणि त्यांच्याकडून एखादे वचन, सही, क्वचित घराण्याचे चिन्ह उतरवून घेत. लॅटिनचा सोस असलेल्या त्या मंडळींनी या वहीला ‘मित्रांचा आल्बुम’ असे नाव दिले. शाळेच्या निरोपसमारंभात आपण फिरवलेल्या स्वाक्षरीच्या वह्या याच कुळातल्या. फळ्याची वही झाली, वहीत पुढे चित्रे आली, छायाचित्रे आली, आणि आमच्या घरी जो अल्बम होता त्याची पाने तर काळी कुळकुळीत होती. दोन पानांमध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी उठवलेला झिरझिरीत कागद असे, फोटोचे चारही कोन चिकट कोपऱ्यांत खोचलेले असत, आणि आजीच्या फोटोखाली वडिलांनी पांढऱ्या शाईने साल घातले होते. पांढऱ्याचे नाव मिरवणाऱ्या वहीत काळ्यावर पांढरे केलेले मी प्रथम तेथे पाहिले.

या वहीत तबकडी कशी शिरली, हे मात्र यंत्राच्या मर्यादेमुळे घडले. मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी एका बाजूला तीन-चार मिनिटांत संपे, त्यामुळे लांब रचना तुकड्यांत मुद्रित करून अनेक तबकड्यांवर वाटावी लागे. ओडिऑन कंपनीने १९०९ साली चायकोव्हस्कीच्या ‘नटक्रॅकर’मधले संगीत चार तबकड्यांवर एकत्र करून विकले. अशा तबकड्या ठेवण्यासाठी जाड पुठ्ठ्यात बांधलेली, पानांच्या जागी कागदी खिसे असलेली वही निघाली. ती दिसायला हुबेहूब फोटोंच्या अल्बमसारखी होती, म्हणून तिलाही तेच नाव पडले. १९४८ साली कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३ पूर्णांक १/३ फेरे घेणारी, एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक वाजणारी तबकडी बाजारात आणली आणि अख्खी वही एका तबकडीत मावली. पुठ्ठा गेला, खिसे गेले, नाव तेवढे मागे राहिले. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही तो असा.

आता पर्यायांकडे वळतो. ‘ध्वनिमुद्रिका’ हा शब्द सुरेख आहे, पण तो वस्तूचे नाव आहे. नाट्यपदांच्या जुन्या ७८ फेऱ्यांच्या दोन-गाणी तबकडीलाही आपण ध्वनिमुद्रिकाच म्हणत आलो, तेव्हा अल्बमचे वेगळेपण त्या शब्दात उतरत नाही. ‘गीतसंग्रह’ सुचवणाऱ्यांनी ही तबकडी ऐकलेलीच नसावी, कारण तिच्यातल्या ‘हाइडअवे’ आणि ‘स्टेपिन आउट’ या दोन चिजांत गायनाचा एक शब्द नाही, मुख्य काम गिटारचे आहे. राहिला ‘संच’. संच कपबश्यांचा असतो. त्यात एक बशी इकडची तिकडे ठेवली तर काही बिघडत नाही. अल्बमला क्रम असतो. ‘ब्लूज ब्रेकर्स’ची पहिली बाजू ‘व्हॉट्ड आय से’ने संपते, त्यात ह्यूई फ्लिंटचे लांबलचक ड्रमवादन आहे, मध्ये बीटल्सच्या तेव्हा ताज्या असलेल्या ‘डे ट्रिपर’ची ओळखीची सुरावट डोकावून जाते, आणि मग सुई आतल्या रिकाम्या चरीत खरखरू लागते. उठावे, तबकडी कडांनी धरून उलटावी, मखमलीच्या कापडाने पुसावी आणि ‘की टु लव्ह’ सुरू होईपर्यंत दोन क्षण थांबावे. हा थांबा अल्बमचा भाग आहे. तो संचात कोठे बसवणार?

माझे मत मी अनेकदा मांडले आहे आणि अनेकदा हसे करून घेतले आहे, तरी पुन्हा मांडतो. अल्बमला मराठीत नेमका शब्द आधीपासून आहे आणि तो ‘बाड’ हा आहे. कीर्तनकारांकडे आणि शाहिरांकडे हे बाड असे : हातकागदाची लांबट पाने एका कडेने शिवलेली, कडा तेलकट झालेल्या, आत एकाच हस्ताक्षरात तुकोबांचे अभंग, नाथांचे एखादे भारूड, मध्येच वामनपंडितांचे श्लोक आणि कोठेतरी संकोचाने घातलेले स्वतःचे पद. शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी मठांतून जमवलेली अशी बाडे धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. बाड म्हणजे इतरांचे उतरवून घेतलेले आणि उतरवता उतरवता आपले झालेले.

या व्याख्येने ‘ब्लूज ब्रेकर्स’ उघडून पाहावे. बारांपैकी सात चिजा दुसऱ्यांच्या आहेत : ऑटिस रशची, फ्रेडी किंगची, रे चार्ल्सची, मोझ ॲलिसनची, रॉबर्ट जॉन्सनची, मेम्फिस स्लिमची आणि लिटल वॉल्टरची. हे सारे अमेरिकन आणि जवळजवळ सारे कृष्णवर्णीय. त्यांच्या तबकड्या इंग्लंडमध्ये मिळवून त्या झिजेपर्यंत ऐकणारी ही गोरी पोरे. (मेयॉल तेव्हा तिशी ओलांडलेला होता, त्याला पोर म्हणणे धाडसाचे आहे.) उरलेल्या पाच मुख्यतः मेयॉलच्या, त्यातल्या एकीत क्लॅप्टनचा वाटा. आणि हस्ताक्षर मात्र एक. डेक्का या तबकडी-कंपनीच्या लंडनमधील स्टुडिओत क्लॅप्टनने लेस पॉल गिटार मार्शल ॲम्प्लिफायरला जोडून, कार्यक्रमात वाजवावी तशी मोठ्या आवाजात वाजवण्याचा हट्ट धरला, आणि माइक व्हर्नन या निर्मात्याने व गस डजन या ध्वनिमुद्रकाने तो आवाज तसाच टिपला. त्या जाड, थोड्या फाटलेल्या, लांबवत नेलेल्या स्वराने ऑटिस रशचे ‘ऑल युअर लव्ह’ही लिहिले आहे आणि मेयॉलचे ‘हॅव यू हर्ड’ही. ‘ऑल युअर लव्ह’मध्ये मध्यावर लय एकाएकी झुलत्या चालीत जाते आणि पुन्हा मूळ ठेक्यावर येते, ती जागा ऐकली की नक्कल करणारा आणि पाठांतर मुरलेला यांतला फरक कळतो. ‘रॅम्ब्लिन ऑन माय माइंड’ हे जॉन्सनचे १९३६ सालचे गाणे तर क्लॅप्टनने स्वतः गायिले आहे, सोबतीला मेयॉलचा पियानो तेवढा. बुजऱ्या आवाजात गायिलेले हे गाणे बाडातल्या त्या संकोचाने घातलेल्या पदासारखेच आहे.

या तबकडीला लोक ‘बीनो अल्बम’ म्हणतात, कारण वेष्टनावर वाद्यवृंदातले चौघे भिंतीशी बसलेले असताना क्लॅप्टन ‘बीनो’ हे मुलांचे चित्रसाप्ताहिक वाचतो आहे. हा ‘बीनो’ म्हणजे ‘बीनफीस्ट’चे लाडके रूप, म्हणजे मालकाने कामगारांना वर्षातून एकदा घातलेली जेवणावळ; पण तिकडे वळलो तर परत येणार नाही.

बाडाविषयी माझा आणखी एक लाडका तर्क आहे आणि तो तर्कच म्हणून सांगतो. ‘बाडबिस्तरा आवरणे’ यातले बाड हेच असावे, असे मला वाटते. गावोगाव हिंडणाऱ्या गायकाची मालमत्ता ती किती? पोटापाण्याचे बाड आणि निजायचा बिस्तरा. ही दोन काखोटीला मारली की मुक्काम हलला. एका कोशप्रेमी विद्वानांनी मला कळवले की वाक्प्रचारातले बाड निराळे असावे आणि हस्तलिखितांचा शब्द तबकडीला लावणे हा हौशी आगाऊपणा आहे. पहिल्या आक्षेपाला त्यांनी पुरावा दिला नाही, मीही दिलेला नाही, तेव्हा तेथे बरोबरी झाली. दुसऱ्याविषयी एवढेच विचारतो : ‘दप्तर’ हा शब्द ग्रीकांच्या कमावलेल्या कातड्यापासून निघून फारसीमार्गे आपल्याकडे आला, सरकारी कागदांचे गाठोडे झाला आणि शेवटी पोरांच्या पाठीवर चढला, ते त्यांना चालते. मग एका बाडाने तबकडीवर बसायला यांची परवानगी का लागावी? क्लॅप्टनला तरी हा वाक्प्रचार शोभतो. २२ जुलै १९६६ रोजी तबकडी दुकानात आली तोवर त्याने मेयॉलकडून बाडबिस्तरा आवरला होता आणि जॅक ब्रूस व जिंजर बेकर यांच्यासह ‘क्रीम’ ही नवी वादकमंडळी उभी केली होती.

प्रश्नकर्त्यांना मात्र लेख लिहायचा आहे, माझी लढाई लढायची नाही, म्हणून सांगतो : खुशाल ‘अल्बम’ लिहावे, पुल्लिंगी चालवावे, आणि हातातल्या वस्तूविषयी बोलताना ‘तबकडी’ किंवा ‘ध्वनिमुद्रिका’ वापरावे. ‘अल्बम’ हा शब्द आता तिकिटांच्या वहीइतकाच मराठी आहे.

‘ब्लूज’ राहिलाच. इंग्रजीत खिन्नतेच्या झटक्याला पूर्वी ‘ब्लू डेव्हिल्स’, म्हणजे निळी भुते, म्हणत. पुढे भुते गळाली आणि त्यांचे अनेकवचन विशेषणाला चिकटून राहिले. मराठीत ती भुते कधी आलीच नाहीत, त्यामुळे त्यांचे वचन सांभाळण्याचे कारण नाही. ‘ख्याल’सारखा पुल्लिंगी एकवचनी चालवावा : तो ब्लूज गातो, हा ब्लूज संथ आहे. ‘निळे संगीत’ असे भाषांतर एका लेखात वाचले. ते कृपा करून करू नये. आपल्याकडे निळा म्हटले की सावळा कान्हा समोर येतो, आणि तो मुळीच खिन्न नव्हता.