वाचकांचे प्रश्न : आधी गोळी ठरवा, नळी मागाहून

प्रश्न : मी गेली अकरा वर्षे विस्कॉन्सिनमध्ये राहतो. शेजारच्या वृद्ध गृहस्थांच्या निधनानंतर त्यांच्या मुलीकडून मी विंचेस्टरची १८८५ सालच्या नमुन्याची, म्हणजे ‘हाय वॉल’ प्रकारची, एकबारी रायफल रीतसर विकत घेतली. नळीवर .३२-४० असा काडतुसाच्या प्रकाराचा छाप आहे, पण आतून ती गंजाने पार खाल्लेली आहे. घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्या वापरून २०० यार्डांवर निशाणेबाजी करावी, अशी इच्छा आहे. गावातले गनस्मिथ म्हणतात, की त्यांच्याकडे .३० कॅलिबरची, १० इंचांना एक पीळ असलेली (म्हणजे आतले चर दर दहा इंचांत एक पूर्ण वळसा घेतात अशी) नळी तयार पडून आहे, ती .३०-३० काडतुसासाठी बसवून देतो, स्वस्तात काम होईल. हे करावे का? की जुन्याच नळीत अस्तर घालून घ्यावे?

उत्तर : आपण निर्णय घेण्याआधी विचारले, याचा मला मनापासून आनंद झाला, कारण या कामात चूक होते ती बहुधा लेथवर होत नाही, ती लेथ सुरू होण्यापूर्वीच झालेली असते. नळी हाताशी आहे म्हणून ती बसवायची आणि मग तिला मानवेल अशी गोळी शोधत फिरायचे, हा क्रम उलटा आहे. तांब्याच्या वेष्टनाची गोळी कठीण असते. नळी थोडी इकडेतिकडे असली तरी ती सांभाळून घेते. शिशाची गोळी मऊ असते आणि नळीचा प्रत्येक दोष तिच्या अंगावर उमटतो. म्हणून आधी गोळी ठरवावी, तिचा व्यास, लांबी आणि वेग कागदावर लिहावा, आणि त्या गोळीभोवती नळी बेतून घ्यावी.

आपल्या रायफलीची रचना जॉन ब्राउनिंग यांची आहे. त्यांनी १८७९ साली तिचे पेटंट घेतले, १८८३ मध्ये विंचेस्टर कंपनीने त्यांच्याकडून हक्क विकत घेतले आणि १८८५ मध्ये रायफल बाजारात आणली. तरफ खाली ओढली की मागचा पोलादी ठोकळा सरळ खाली उतरतो आणि नळीचे मागचे तोंड पूर्ण उघडे होते. शिशाच्या गोळीच्या दृष्टीने या रचनेचे मोल फार मोठे आहे, कारण गोळी काडतुसात न बसवता ती आधी स्वतंत्रपणे, एका छोट्या साधनाने, चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीच्या, पुढे पिळाच्या चरांत सरळ दाबून बसवता येते आणि तिच्यामागे दारू भरलेले काडतूस सरकवता येते. गोळी सुटण्यापूर्वीच नळीच्या अक्षाशी जुळलेली असते; तिला काडतुसातून उडी मारून, वाटेत तिरकी होऊन चरांत शिरावे लागत नाही. जर्मन आणि स्विस स्थलांतरितांनी अमेरिकेत रुजवलेल्या ‘शुट्झेन’ नेमबाजीत हीच पद्धत मुरली, आणि आपल्या मिलवॉकी परिसराला तर ही परंपरा परकी नाही.

या परंपरेतले सर्वांत आदराने घेतले जाणारे नाव हॅरी पोप (१८६१–१९५०) यांचे आहे. त्यांच्या नळ्यांना आठ चर आणि डावीकडे वळणारा पीळ असे. गोळी पुढच्या तोंडातून घालताना तिच्या तळाची कड दुखावू नये म्हणून ते नळीच्याच टोकाचा एक तुकडा कापून ‘खोटे तोंड’ तयार करीत. ते लावून गोळी आत दाबायची, मग ते काढून ठेवायचे आणि काडतूस मागून भरायचे. एवढा खटाटोप कशासाठी, तर गोळीच्या तळासाठी. गोळी नळीतून बाहेर पडताना तळाच्या कडेवरून वायू सर्व बाजूंनी एकाच क्षणी सुटला पाहिजे. कडेला नखाएवढी जरी खोच असली, तरी तो एका बाजूने आधी निसटतो आणि गोळी ढकलली जाते. १९०१ साली कोलोरॅडोतल्या सी. डब्ल्यू. रोलंड यांनी पोपच्या .३२-४० नळीतून २०० यार्डांवर दहा गोळ्या ०.७२५ इंचाच्या गटात बसवल्या होत्या. सव्वाशे वर्षांपूर्वीची ही कामगिरी आहे, आणि तीही साध्या शिशाच्या गोळ्यांची.

आता आपल्या गनस्मिथच्या सूचनेकडे वळतो. .३०-३० च्या त्या नळीतून शिशाची गोळी जाणारच नाही असे नाही. अनेकजण तशी वापरतात. पण आपल्या कामाला ती योग्य नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिले कारण पिळाचे. सेकंदाला १,४०० फूट वेगाने निघालेली गोळी १६ इंचांच्या पिळात मिनिटाला ६३,००० फेरे घेते, तर १० इंचांच्या पिळात १,००,८००. ओतलेल्या गोळीत कुठेतरी बारीकशी हवेची पोकळी राहतेच, तिचा तोल किंचित ढळलेला असतो, आणि फेरे जितके अधिक तितका तो दोष निशाण्यावर मोठा होऊन दिसतो. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. रायफल आपल्यानंतरही कुणाच्या तरी हाती जाणार आहे. त्या माणसाने .३०-३० चा छाप पाहून दुकानातली कारखानी काडतुसे भरली, तर शतकापूर्वीच्या त्या रिसीव्हरवर, म्हणजे नळी जिथे आट्यांनी बसते त्या सांगाड्यावर, आपण कधी दिलाच नव्हता असा दाब येईल. हाय वॉल मजबूत असते हे खरे, पण प्रत्येक जुन्या नगाचे पूर्वायुष्य आपल्याला माहीत नसते.

म्हणून .३२-४० च ठेवावे. हे काडतूस १८८४ पासूनचे आहे आणि मुळात निशाणेबाजीसाठीच जन्मलेले आहे. त्याची रिकामी काडतुसे .३०-३० ची तोंडे रुंदावून करता येतात. ती थोडी आखूड पडतात, पण गोळी वेगळी बसवायची असल्याने बिघडत नाही.

पीळ किती ठेवावा, याचे उत्तर इंग्लंडमधल्या वूलविचचे गणितज्ञ जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये मांडलेल्या सूत्रातून मिळते. गोळीचा व्यास इंचांत घेऊन त्याचा वर्ग करावा, त्याला १५० ने गुणावे आणि गोळीच्या लांबीने भागावे. .३२-४० च्या गोळीचा व्यास साधारण ०.३२१ इंच. जुनी १६५ ग्रेन (गोळीच्या वजनाचे माप) वजनाची गोळी सुमारे ०.८७ इंच लांब भरते, तिला सूत्राप्रमाणे सुमारे १७.८ इंचांचा पीळ पुरतो. म्हणूनच जुन्या नळ्यांतला १६ इंचांचा पीळ तिला चांगला मानवे. पण २०० यार्डांवर वारा कापायला आपल्याला २०० ग्रेनच्या आसपासची, सुमारे १.०५ इंच लांबीची गोळी हवीशी वाटेल, आणि तिचे उत्तर १४.७ इंच येते. तेव्हा जड गोळीच वापरायची असे ठरले असेल, तर १४ इंचांचा पीळ मागून घ्यावा. हा आकडा गोळीवरून निघतो, नळीच्या दुकानावरून नाही.

व्यासाबाबत मी जरा हट्टी आहे आणि त्याला कारण आहे. माझी अशी पहिली रायफल मी एका दुकानाकडून करून घेतली तेव्हा नळीच्या चरांचा व्यास ०.३०८ असल्याचे मला सांगण्यात आले आणि मी विश्वासाने ०.३०८५ ची गोळी देणारा साचा घेतला. वीस बार झाल्यावर नळीत पाहिले, तर पुढच्या सहा इंचांत चरांच्या कडेने करड्या रेघा चिकटल्या होत्या. पितळी ब्रश फिरवला की शिशाच्या चंदेरी कातरणी फडक्यावर पडत. शेवटी मऊ शिशाचा एक गोळा तेल लावलेल्या नळीत लाकडी हातोडीने ठोकून बसवला, सळईने हळूहळू पलीकडे ढकलला आणि मायक्रोमीटरमध्ये धरला. आकडा आला ०.३०९५. माझी गोळी चरांपेक्षा एक हजारांश इंचाने बारीक होती. तापलेला वायू तिच्या बगलेतून पुढे निसटत होता आणि शिसे वितळवून नळीला सारवत होता. नियम असा आहे, की गोळी चरांच्या व्यासापेक्षा एक ते दोन हजारांश इंचाने मोठी असावी. नवी नळी आली, की कागदावर काहीही छापलेले असो, शिशाचा गोळा स्वतः ढकलून मोजावा. तो ढकलताना हाताला आणखी एक गोष्ट कळते : मागून पुढे जाताना नळी किंचित घट्ट होत गेली तर उत्तम, मध्येच सैल लागली तर ती नळी परत करावी.

चेंबरच्या पुढचा घसा, म्हणजे जिथे चर सुरू होतात तो भाग, हळूवार उताराचा असावा, आणि हे कारागिराला लेखी द्यावे. नेहमीची चेंबर कापणारी हत्यारे वेष्टनाच्या गोळ्यांसाठी घडवलेली असतात. मऊ गोळीला तीव्र पायरी लागली, की तिचे अंग खरवडले जाते.

अस्तर की नवी नळी, या प्रश्नाचे उत्तर आपल्याला त्या रायफलीत काय जपायचे आहे यावर आहे. अस्तर घालताना जुनी नळी आतून मोठी पोखरतात आणि तिच्यात पातळ नवी नळी डकवतात. बाहेरचे रूप, छाप, अष्टकोनी कडा जशाच्या तशा राहतात. काम उत्तम झाले तर निशाणाही उत्तम लागतो. पण स्पर्धेसाठी मी नवी, जाड, २८ ते ३० इंचांची नळीच घेईन. जुनी नळी मात्र काढल्यावर फेकू नये, विकू नये. तेल लावून, रायफलीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी बांधून ठेवावी. मूळ सुट्या भागांसह हाय वॉलची किंमत वेगळी असते, आणि पुढच्या मालकाला ती पूर्ववत करण्याची संधी राहते. ती नळी गंजली यात त्या वृद्ध गृहस्थांचा दोष असेलच असे नाही : जुन्या प्रायमरमधल्या (काडतुसाच्या बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीतल्या) क्लोरेटमुळे नळीत क्षार उरत, ते हवेतला ओलावा ओढत, आणि तेलाच्या फडक्याने ते निघत नसत; त्यांना पाणीच लागे.

नळी उतरवण्याचे काम घरी पाना लावून करू नये. रिसीव्हर पिरगळला तर रायफलच गेली. नव्या नळीचे आटे त्याच रिसीव्हरला जुळवून कापायला सांगावे, काडतुसाच्या कडेच्या, म्हणजे रिमच्या जाडीनुसार मागची फट तपासून घ्यावी, आणि त्याच वेळी ठोकळ्यातल्या फायरिंग पिनच्या मोठ्या भोकात बुश, म्हणजे भोक लहान करणारी कडी, बसवून बारीक पिन करून घ्यावी. मूळ भोक काळ्या दारूच्या काळातले असते आणि आधुनिक दारूने प्रायमर त्यात फुगून शिरतो. दारूचे प्रमाण मी येथे देणार नाही. ते प्रसिद्ध झालेल्या अधिकृत पुस्तिकेतून, आपल्याच काडतुसासाठी आणि आपल्याच गोळीच्या वजनासाठी पाहावे.

प्रश्न : वरील वाचकांनीच पुढे विचारले आहे, की बंद पडलेल्या एका छापखान्यातून जुने लायनो धातूचे (छपाईच्या अक्षरांच्या ओळी ओतण्याच्या मिश्रधातूचे) ठोकळे मिळत आहेत; ते गोळ्यांसाठी चालतील का?

उत्तर : मराठी छापखान्यांत ज्यांनी खिळे जुळवलेले पाहिले आहेत, त्यांना हा धातू ओळखीचा आहे. लायनो धातूत शिसे सुमारे ८४ टक्के, अँटिमनी १२ आणि कथील ४ टक्के असते. अँटिमनीमुळे थंड होताना धातू फारसा आकसत नाही आणि साच्याची कड न् कड उचलतो. अक्षराची रेघ जशी तीक्ष्ण उमटते, तशीच गोळीच्या तळाची कडही. पण ब्रिनेल मापाने त्याचा कठीणपणा २२ च्या घरात जातो, शुद्ध शिशाचा जेमतेम ५. हाताने चरांत दाबून बसवायच्या गोळीसाठी तो फार कठीण आहे. वीस ते तीस भाग शिसे आणि एक भाग कथील असे मिश्रण ९ ते १० च्या आसपास बसते आणि .३२-४० च्या वेगाला ते पुरेसे आहे. लायनोचे ठोकळे वेगळे, नाव घालून ठेवा. वेगवान गोळ्यांसाठी शिसे कठीण करायला कधीतरी कामी येतील.

धातू ७०० ते ७५० अंश फॅरनहाइटच्या दरम्यान ठेवावा. गाड्यांच्या चाकांची वजने वितळवणार असाल, तर त्यांत आता जस्ताची पुष्कळ असतात. जस्त ७८७ अंशांवर वितळते, त्यामुळे तापमान आवरलेले असेल तर ते वर तरंगते आणि पळीने काढून टाकता येते. पाण्याचा एक थेंबही भांड्यात जाऊ देऊ नका, रस उसळून अंगावर येतो. हे काम स्वयंपाकघरात नको, मोकळ्या हवेत करा, आणि हात धुतल्याशिवाय मुलांना उचलून घेऊ नका.

प्रश्न : कोल्हापूरहून एक वाचक विचारतात, की आमच्याकडे परवानाधारक रायफलीची नळी अशी घरच्या लेथवर बदलता येईल का? आणि स्पर्धेतल्या .२२ च्या गोळ्यासुद्धा शिशाच्याच ना?

उत्तर : नाही, बदलता येणार नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार शस्त्र बनवणे, त्यात फेरफार करणे आणि दुरुस्त करणे या सर्वांना स्वतंत्र परवाना लागतो, आणि ‘शस्त्र’ या संज्ञेत त्याचे सुटे भागही येतात. शस्त्र बाळगण्याचा परवाना हा त्यावर काम करण्याचा परवाना नव्हे. नळी बदलायची तर परवानाधारक कारागिराकडूनच, आणि आधी जिल्हा प्रशासनाच्या शस्त्र परवाना शाखेत विचारून.

दुसरे म्हणणे आपले अगदी बरोबर आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात .२२ ची ४० ग्रेनची, वेष्टन नसलेली, वंगण लावलेली शिशाची गोळीच असते, आणि त्या नळ्यांचा प्रचलित पीळही १६ इंचांचाच आहे.