सॅम करन काउंटी क्रिकेटमधून इतक्या लवकर वर कसा आला?

तुम्ही विचारलंय, “ना वेग, ना उंची. मग सॅम करन विशीच्या आतच इंग्लंडकडून खेळला कसा?”

माझी त्याच्याशी ओळख झाली ती त्याला शिव्या घालतच. ऑगस्ट २०१८ची एजबॅस्टन कसोटी. दुसऱ्या डावात इंग्लंड ७ बाद ८७, इशांत शर्मा पेटलेला, आणि मी ऑफिसात मोबाइल पालथा ठेवून दर दोन मिनिटांनी उचलून बघतोय. सामना आपलाच, असं धरून चाललो होतो. पण हा शाळकरी चेहऱ्याचा डावखुरा ६३ धावा करून गेला आणि आपण ३१ धावांनी हरलो. पहिल्या डावात विजय, राहुल, धवन आणि पांड्या यांना बाद करणाराही तोच. वय वीस, दुसरीच कसोटी, सामनावीर.

हा ३१चा आकडा गमतीचा आहे. १८ जून १९८३ला टनब्रिज वेल्सला कपिलने नाबाद १७५ केल्या तो सामना आठवा. तोही आपण ३१ धावांनीच जिंकलो होतो. त्या दिवशी आधी ३ बळी घेऊन आणि मग ७३ धावा करून झिंबाब्वेच्या आशा जिवंत ठेवणारा केव्हिन करन म्हणजे सॅमचा बाप. पस्तीस वर्षांनी पोराने हिशेब चुकता केला, असं आम्ही मित्र म्हणतो.

केव्हिन ग्लॉस्टरशायर आणि नॉर्दॅम्प्टनशायरकडून बरीच वर्षं काउंटी, म्हणजे इंग्लंडमधलं देशांतर्गत क्रिकेट, खेळला. सॅमचा जन्मही १९९८चा, नॉर्दॅम्प्टनचाच. बालपण मात्र झिंबाब्वेतल्या शेतावर गेलं. पुढे तिथल्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या जमिनी ताब्यात घेण्याच्या धामधुमीत ते शेतही गेलं. टॉम आणि बेन हे दोघे थोरले भाऊ, आणि तेही पुढे व्यावसायिक क्रिकेटपटू झाले. अशा घरात धाकट्याच्या वाट्याला काय येतं, हे चाळीत वाढलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही: बॅटिंग शेवटी, बॉलिंग भरपूर आणि रडायला बंदी. २०१२मध्ये केव्हिन अचानक गेला. सॅम तेव्हा चौदा वर्षांचा. त्यानंतर इंग्लंडमधली वेलिंग्टन कॉलेज ही शाळा आणि सरे काउंटी हेच त्याचं जग झालं.

जुलै २०१५मध्ये ओव्हलवर केंटविरुद्ध त्याने काउंटी अजिंक्यपद स्पर्धेत पदार्पण केलं. वय सतरा वर्षं आणि चाळीस दिवस. पहिल्याच डावात १०१ धावांत ५ बळी, संपूर्ण सामन्यात आठ. टॉम त्याच संघात होता.

आता तुमच्या ‘कसा’चं उत्तर. माझ्या मते त्यात अर्धा वाटा काउंटीच्या खेळाचा आहे. तिथे ड्यूक्स चेंडू वापरतात. त्याची शिवण उठावदार असते आणि तो बराच वेळ स्विंग होत, म्हणजे हवेत वळत, राहतो. एप्रिल-मेच्या थंडीत, हिरवट खेळपट्टीवर ताशी १४५ किलोमीटरची गरजच पडत नाही. १३०च्या आसपास टाकणारा डावरा गोलंदाज चेंडू दोन्हीकडे हलवू शकला, तर भलेभले गडबडतात. आपल्याकडे त्याच वेगाच्या मुलाला ‘बाळा, स्पिन टाकून बघ’ असा सल्ला मिळाला असता. शिवाय चार दिवसांचे सामने एकामागून एक असतात. आठव्या क्रमांकावर फलंदाजीला यायचं आणि बहुतेक वेळा संघ अडचणीत असतानाच यायचं, याची सवय तिथेच अंगात मुरते. मे २०१८मध्ये त्याने यॉर्कशायरविरुद्ध सामन्यात दहा बळी घेतले आणि १ जूनला हेडिंग्लीवर पाकिस्तानविरुद्ध कसोटी टोपी मिळाली. विसाव्या वाढदिवसाला दोन दिवस बाकी होते. त्या उन्हाळ्यात आपल्याविरुद्ध साउदॅम्प्टनला इंग्लंड ६ बाद ८६ असताना त्याने पुन्हा ७८ केल्या. कोहलीला त्या मालिकेत कुणी झाकोळलं नाही, पण इंग्लंडचा मालिकावीर करनच ठरला.

उरलेला अर्धा वाटा स्वभावाचा. मार्च २०२१मध्ये आमच्या पुण्याजवळ गहुंजेला तिसरा एकदिवसीय सामना झाला. कोरोनामुळे प्रेक्षक नाहीत, त्यामुळे घरापासून तासाभरावर सामना असून मी टीव्हीसमोर. ३३० धावांचं लक्ष्य, इंग्लंड ६ बाद १६८, आणि पुन्हा हाच. रशीद आणि वूडला हाताशी धरून त्याने नाबाद ९५ केल्या. शेवटच्या षटकात १४ हव्या होत्या, नटराजनने जेमतेम सहा दिल्या आणि आपण ७ धावांनी सुटलो. मालिका आपण जिंकली, सामनावीर मात्र तो. माझी आई एरवी क्रिकेट बघत नाही. तीसुद्धा ‘हा कोण रे, जातच नाहीये?’ म्हणाली.

पुढचं तुम्हाला माहीत असेलच: २०२२च्या टी-२० विश्वचषकात १३ बळी, अंतिम सामन्यात १२ धावांत ३, स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू, आणि लगेच डिसेंबरच्या आयपीएल लिलावात पंजाबने मोजलेले साडेअठरा कोटी.

पण एक गोष्ट चाहता असूनही सांगतो. २४ कसोटींत त्याचं एकही शतक नाही आणि डावात पाच बळीही नाहीत. ढग आणि ड्यूक्स नसले की त्याचा वेग कमी पडतो, आणि निव्वळ फलंदाज म्हणून वरच्या सहात त्याला घ्यावं इतक्या धावा कसोटीत झालेल्या नाहीत. २०२१ला लॉर्ड्सवर तर आपल्याच विरुद्ध दोन्ही डावांत पहिल्याच चेंडूवर बाद झाला. त्या दिवशी मी ऑफिसात मोबाइल उघडाच ठेवला होता.