नागपुरात वस्तीतल्या गटाने एमडी (मेफेड्रोन हा अमली पदार्थ) विकणाऱ्या संशयिताला पकडून मारलं तर कायद्याने चालतं का?

नाही, अजिबात चालत नाही. उलट गुन्हा तुमच्या वस्तीतल्या पोरांवरच दाखल होईल. मी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी खटले लढतो, त्या अनुभवावरून सांगतो. जबर दुखापतीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ११७ खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे, आणि जमावात सामील असलेला माणूस 'मी हात उचललाच नव्हता' म्हणून सुटत नाही. त्याहून मोठं नुकसान वेगळंच होतं. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात झडतीचे नियम फार कडक आहेत. कलम ५० प्रमाणे संशयिताला राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर अंगझडती मागता येते. पोरांनीच खिसे उलटेपालटे केले, पुड्या हातोहात फिरवल्या, की 'माल यांनीच टाकला' असं म्हणायला बचाव पक्ष मोकळा. म्हणजे खरा विक्रेताही सुटू शकतो. आणि तो विक्रेता नसेलच तर? धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला मुलं पळवणारे समजून पाच निरपराध भिक्षुकांना जमावाने ठार मारलं. संशय इतका स्वस्त असतो. एक अपवाद आहे: दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) गुन्हा तुमच्या डोळ्यांसमोर घडत असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम ४० नुसार त्याला धरून ठेवता येतं, पण सहा तासांच्या आत पोलिसांकडे द्यावंच लागतं. मारायची मुभा त्यातही नाही. तुम्हाला माहिती द्यायची असेल तर:

- १९३३, अमली पदार्थांसाठीची 'मानस' हेल्पलाइन
- ११२, विक्री आत्ता चालू असेल तर