बेसचा पेडलबोर्ड विकून एचएक्स स्टॉम्प: काय विकावं, काय ठेवावं, कुठे फसतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ट्यूनर, कॉम्प्रेसर, ॲनालॉग ऑक्टेव्हर (एक सप्तक खालचा सूर जोडणारा), ओव्हरड्राइव्ह, कोरस आणि प्रीॲम्प-डीआय (आवाज घडवून मिक्सरला लाइन देणारं पेडल) असा बेस गिटारचा सहा पेडलांचा बोर्ड आहे. ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमांना तो चढवता-उतरवता कंटाळलात आणि त्याच्या जागी लाइन सिक्सचा एचएक्स स्टॉम्प (अनेक इफेक्ट एकाच डबीत देणारं डिजिटल यंत्र) घ्यायचा विचार आहे. स्टेजवर तुमचा ॲम्पही असतो आणि मिक्सरलाही लाइन जाते.

घ्या. पण सहाच्या सहा पेडल लगेच विकायला काढू नका. ऑक्टेव्हर ठेवा. डीआय विकायचाच असेल तर त्या पैशातून एक साधा पॅसिव्ह डीआय बॉक्स आणा. स्टॉम्पला एक्सएलआर (मिक्सरचा तीन पिनांचा) आउटपुट नाही, आणि जॅकवरून थेट एक्सएलआर केबल बनवून मिक्सरला दिलीत की साउंडवाल्याने ४८ व्होल्टचं फँटम (मायक्रोफोनसाठी केबलमधूनच दिली जाणारी वीज) चालू ठेवलं असेल तर ते सरळ तुमच्या यंत्रात येतं.

ऑक्टेव्हर का ठेवायचा? मोकळी ई तार ४१ हर्ट्झला वाजते, म्हणजे तिचं एक आवर्तन २४ मिलिसेकंदांचं. पाच तारांच्या बेसवर मोकळी बी ३१ हर्ट्झ, तिथे ३२ मिलिसेकंद. पिच शिफ्ट प्रकारच्या डिजिटल ब्लॉकला सूर ओळखायला निदान एखाद-दोन आवर्तनं ऐकावी लागतात. तेवढ्यात तबला पुढे गेलेला असतो. ॲनालॉग ऑक्टेव्हर सूर ओळखतच नाही, येणाऱ्या लहरीची कंप्रता तिथल्या तिथे निम्मी करतो. खालच्या फ्रेटवर तोही अडखळतो, पण बोटाखाली लगेच बोलतो.

जुना पीस घेत असाल तर आधी फर्मवेअर (यंत्रातलं सॉफ्टवेअर) बघा. २०१८ मध्ये हे यंत्र आलं तेव्हा एका प्रीसेटमध्ये (साठवलेल्या रचनेत) सहाच ब्लॉक, म्हणजे इफेक्ट, बसायचे; २०२० च्या ३.० आवृत्तीपासून आठ बसतात. तुमच्या कामाला आठ लागतात. रचना अशी करा: पहिला लूपर (वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून फिरवत ठेवणारा), मग एफएक्स लूप एल (बाहेरचं पेडल जोडायचा ब्लॉक; यावर तुमचा ऑक्टेव्हर), कॉम्प्रेसर, ऑब्सिडियन ७००० (ड्राइव्ह-प्रीॲम्प), कोरस, इक्यू, सेंड आर (सिग्नल ॲम्पकडे बाहेर काढणारा) आणि शेवटी आयआर (स्पीकर कॅबिनेटच्या आवाजाची डिजिटल नक्कल). ट्यूनर ब्लॉक खात नाही, तिसरं बटण दाबून धरलं की येतो. ऑब्सिडियन हे डार्कग्लासच्या बी७के अल्ट्राचं मॉडेल आहे. त्यात ब्लेंड असल्यामुळे स्वच्छ आवाज आणि ड्राइव्ह यांचं मिश्रण तिथेच होतं, वेगळा पॅरलल मार्ग लागत नाही.

सेंडचा जॅक एकच असला तरी स्टीरिओ आहे. एका टीआरएसचे (टिप आणि रिंग असे दोन सिग्नल नेणाऱ्या स्टीरिओ जॅकचे) दोन मोनो जॅक करणारी इन्सर्ट केबल लावा. टिपचा जॅक ऑक्टेव्हरच्या इनपुटला, ऑक्टेव्हरचं आउटपुट रिटर्न एलला. रिंगचा जॅक थेट स्टेजवरच्या ॲम्पला. मेन आउट एल डीआय बॉक्समधून मिक्सरला. सेंड आर ब्लॉकमध्ये ड्राय थ्रू ० डेसिबलवर ठेवा, तो अगदी खाली असेल तर पुढे मिक्सरकडे काहीच जाणार नाही. एवढी खटपट कशासाठी? ॲम्पला त्याचा स्वतःचा स्पीकर आहे. त्याला आयआर लावलेला आवाज दिला की कॅबिनेटवर कॅबिनेट चढतं आणि सगळं चिखल होतं. मिक्सरला मात्र आयआर हवाच, नाहीतर ड्राइव्ह लावल्यावर पीएमधून (हॉलच्या स्पीकरमधून) पत्रा वाजल्यासारखं वाटतं.

एफएक्स लूपचं मिक्स शंभर टक्क्यांवरच ठेवा. इथे बरेच जण फसतात. लूपमधून बाहेर जाऊन आत येताना सिग्नलचं डिजिटल-ॲनालॉग रूपांतर आणखी एकदा होतं, त्यात थोडा उशीर लागतो. मिक्स पन्नासवर आणलं की मूळ आवाज आणि उशिरा आलेला आवाज एकमेकांत मिसळून काही कंप्रता कापल्या जातात. उशीर १ मिलिसेकंद असेल तर पहिला खड्डा ५०० हर्ट्झला पडतो, २ असेल तर २५० ला. दोन्ही बेसच्या ऐन पोटातल्या जागा. आवाज ‘पोकळ झाला’ म्हणून लोक कॉम्प्रेसर बदलत बसतात! स्वच्छ आवाज मिसळायचा तो ऑक्टेव्हरच्याच डायरेक्ट नॉबवर मिसळा.

आयआर २०४८ सॅम्पलचा निवडा. ४८ किलोहर्ट्झला १०२४ सॅम्पल म्हणजे २१ मिलिसेकंद, मोकळ्या ई तारेच्या एका आवर्तनापेक्षाही कमी. गिटारवाल्यांना ते पुरतं, आपल्याला नाही.

ग्लोबल सेटिंगमध्ये सेंड-रिटर्न आणि मेन आउट दोन्ही इन्स्ट्रुमेंट लेव्हलला ठेवा. ॲम्पच्या इफेक्ट रिटर्नमध्ये किंवा थेट पॉवर ॲम्पमध्ये जायचं असेल तेव्हाच लाइन. बेस ॲक्टिव्ह असून जोरात स्लॅप करता तेव्हा ड्राइव्ह नसतानाही कडकड येत असेल, तर इनपुट पॅड चालू करा.

आता आवाज जुळवणं. लूपर सगळ्यांत आधी ठेवायला सांगितलं ते यासाठी. चार मात्रांचा नव्हे, चांगला आठ बारचा तुकडा रेकॉर्ड करा: थोडं बोटांनी, थोडं स्लॅप, थोडं वरच्या तारांवर. तो फिरत ठेवून दोन्ही हात मोकळे ठेवा आणि एकेक ब्लॉक चालू-बंद करत त्याची लेव्हल बायपासइतकी करा. कॉम्प्रेसरची सुरुवात रेशो ४:१, अटॅक २० ते ३० मिलिसेकंद, रिलीज १०० च्या आसपास, मीटरवर ३ ते ५ डेसिबलची घट. अटॅक याहून फार कमी केलात तर बोटाचा ठोका मरतो. इक्यूमध्ये लो कट ३५ ते ४० हर्ट्झ. हा ब्लॉक सेंडच्या आधी आहे, म्हणून कट ॲम्पलाही लागू होतो.

हे सगळं हेडफोनवर करून थांबू नका. हळू आवाजात कानाला खालचा भाग कमी ऐकू येतो, म्हणून घरी आपण बेस वाढवतो आणि हॉलमध्ये तोच घुमतो. घरी खालचा भाग सपाट ठेवा. सूर स्पष्ट हवा असेल तर ७०० ते ८०० हर्ट्झला दोनेक डेसिबल द्या, २५० ला तेवढेच काढा. शेवटची जुळवणी कार्यक्रमाच्या आवाजातच, ड्रम चालू असताना.

गाण्याच्या मध्यात प्रीसेट बदलू नका, क्षणभर आवाज तुटतो. एकाच प्रीसेटमधले तीन स्नॅपशॉट (त्याच ब्लॉकच्या साठवलेल्या वेगवेगळ्या स्थिती) वापरा: स्वच्छ, ड्राइव्ह, ऑक्टेव्ह-कोरस. ऑर्केस्ट्रात याहून जास्त क्वचितच लागतं.

वीज: ९ व्होल्ट, ३ ॲम्पिअर, मधलं टोक ऋण. सोबत येतो तोच ॲडॉप्टर वापरा. ऑक्टेव्हरला वेगळा ॲडॉप्टर द्या. एकाच डेझी चेनवर (एका ॲडॉप्टरवरून अनेक पेडलांना जाणाऱ्या वायरवर) दोन्ही टांगलेत तर बारीक ‘टीं’ असा आवाज ऑक्टेव्हरमधून ऐकू येईल. ॲम्प आणि मिक्सर वेगवेगळ्या सॉकेटवर असले की घूं येतो. तेव्हा डीआयवरचं ग्राउंड लिफ्ट दाबा. ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्यात जीव जाऊ शकतो.

सगळं जमलं की लूपर काढून टाका. त्या रिकाम्या जागी एन्व्हलप फिल्टर (वाजवण्याच्या जोराप्रमाणे उघडणारा फिल्टर) बसतो, पण तो कॉम्प्रेसरच्या आधीच हवा, नाहीतर उघडतच नाही. कॉम्प्युटरवर एचएक्स एडिटमधून बॅकअप घ्या आणि फर्मवेअर कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बदलू नका. बाकीचे पेडल दोन-तीन कार्यक्रम झाल्यावर विका.